मेन्यूवर साडेनऊ युरो, बिलात २२३.२५: रोममध्ये मासा मागवण्याआधी हे वाचा

४९५ युरो ९४ सेंट. चार माणसांचं एका वेळचं जेवण. कार्डावरून ५०,६८५ रुपये ७ पैसे गेले, त्यावर आपल्या बँकेने एक टक्का शुल्क म्हणून ५०६ रुपये ८५ पैसे कापले आणि त्या शुल्कावर जीएसटी ९१ रुपये २३ पैसे. बेरीज ५१,२८३ रुपये १५ पैसे. घरी मुलांना हा आकडा अजून सांगितलेला नाही. जावयांनी विचारलं तेव्हा "जरा महागच पडलं" म्हणून विषय बदलला. लाज वाटते. पण नणंदेची मुलगी आणि तिचे सासू-सासरे पुढच्या महिन्यात रोमला निघालेत, आणि टूरच्या आधी जी मीटिंग घेतात त्यात पाकीटमार, मनगटात दोरा बांधणारे आणि मीटर न टाकणारे टॅक्सीवाले एवढंच सांगतात. हॉटेलातल्या माशाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून लिहितेय.

मी अलिबागची. मासा मला कळतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण ज्यांना ज्यांना ही हकिगत सांगितली त्यांचा पहिला प्रश्न हाच होता, "भाव नाही का विचारलात?" विचारला होता. स्पष्ट विचारला होता. काय उत्तर मिळालं ते पुढे येईलच.

गेल्या वर्षीचा, २०२५चा मे महिना. दर पंचवीस वर्षांनी येणारं कॅथलिकांचं ज्युबिली वर्ष होतं, त्यामुळे रोममध्ये गर्दी म्हणजे नुसती झुंबड. सकाळभर सेंट पीटर्सच्या रांगेत उभे राहून पाय सुजले होते. आम्ही चौघं: हे, मी, धाकटे भाऊजी आणि जाऊबाई. संध्याकाळ मोकळी होती. टूर मॅनेजर म्हणाला, ज्यांना पियात्सा नवोनाला थांबायचंय त्यांनी थांबा, जेवण आपलं आपण करा, टॅक्सीने हॉटेलवर या. त्या चौकात बर्निनीचं चार नद्यांचं कारंजं आहे, त्यातली एक आपली गंगा. तिच्यासमोर फोटो काढले आणि शेजारच्या एका गल्लीत शिरलो. हॉटेलचं नाव इथे लिहीत नाही. नाव कळून उपयोगही नाही, हा प्रकार एका दुकानाचा नाहीच.

दारात एक माणूस उभा होता. गिऱ्हाईक आत खेचायला असे लोक ठेवलेले असतात, रोमचे लोक त्यांना बुत्तादेंत्रो म्हणतात आणि स्वतः त्यांच्या हॉटेलात पाय ठेवत नाहीत. "इंडिया? नमस्ते!" असं हसून म्हणत त्याने थेट खुर्च्याच मागे ओढल्या. ज्या हॉटेलाला रस्त्यावर माणूस उभा करून गिऱ्हाईक बोलवावं लागतं तिथे बसू नका. दाराबाहेर दरपत्रक लावलेलं नसेल तरीही बसू नका. ते लावणं तिथे बंधनकारक आहे.

बसतो न बसतो तोच टेबलावर चार ताटल्या आल्या: तळलेले माकूळ, शिंपल्या, व्हिनेगरमधल्या बारीक मासळ्या. आम्ही मागवल्या नव्हत्या. भाऊजी म्हणाले, "वहिनी, स्वागताचं दिसतंय." वेटरही छातीवर हात ठेवून "शेफ, शेफ" म्हणत होता. अशा वेळी कोणता सभ्य माणूस ताटली परत पाठवतो? आपल्याकडे पापड-चटणी येते, तसंच वाटलं. बिलात त्या प्रत्येकी १८ युरो लागल्या, ७२ युरो. ब्रेडची टोपली प्रत्येकी ३ युरो, १२ युरो. माणशी बैठक आकारणी, ज्याला कोपेर्तो म्हणतात, ती रोम ज्या लात्सियो प्रांतात येतं तिथे २००६च्या कायद्याने बंद केलीय. म्हणून आता तीच रक्कम ब्रेडच्या नावाखाली घेतात. ब्रेड नको असेल तर टोपली ठेवू देऊ नका, लगेच उचलायला सांगा. पाण्याच्या तीन बाटल्या १८ युरो. आणि हे त्या शहरात, जिथे रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, १८७४ सालापासून, आणि त्यातून पिण्याचं थंडगार पाणी फुकट वाहत असतं! दिवसभर आम्ही त्याच नळांवर बाटल्या भरत होतो.

आता मासा.

वेटर स्टीलची परात घेऊन आला. बर्फावर दोन अख्खे मासे, लिंबाच्या चकत्या, बाजूला हिरवा पाला. स्पिगोला म्हणाला तो. दिसायला आपल्या जिताड्याच्या जवळ जाणारा, चंदेरी, थोडा निमुळता. मी हात पुसले आणि कल्ला उघडून बघितला. आतून लालभडक. डोळे फुगीर, अंगठ्याने दाबलं तर खड्डा राहत नव्हता. ताजा होता, यात शंका नाही. त्या बाबतीत त्यांनी फसवलं नाही, आणि म्हणूनच आमचा विश्वास बसला. वेटरने "ब्रावा, सिन्योरा!" म्हणून आजूबाजूच्या टेबलांकडे बघत टाळ्या वाजवल्या. परदेशात कुणीतरी आपल्या हाताची कदर केली, म्हणून मला बरंही वाटलं.

मग मी विचारलं, "हाऊ मच?"

त्याने मेन्यू उघडला आणि माशाच्या ओळीवर बोट ठेवलं. ९,५०. ते दशांशाला स्वल्पविराम देतात. मी "नाइन फिफ्टी?" असं विचारून खात्री केली. तो म्हणाला, "सी, सी, नाइन फिफ्टी." जाऊबाईंनी त्याच वेळी मेन्यूच्या पानाचा फोटो काढला होता, पानावर सुंदर मासे रंगवले होते म्हणून. रात्री हॉटेलवर तो फोटो मोठा करून बघितला. आकड्याच्या पुढे बारीक राखाडी अक्षरांत दोन अक्षरं आहेत: hg. हेक्टोग्राम, म्हणजे शंभर ग्रॅम. तोंडी हिशेबात ते त्याला एत्तो म्हणतात. साडेनऊ युरो माशाचे नव्हते, शंभर ग्रॅमचे होते. आणि फोटोत वेटरचा अंगठा दिसतोय, तो बरोबर त्या दोन अक्षरांच्या कडेला टेकलाय. त्याने बोट आकड्यावर ठेवलं आणि अंगठा तिथे. सहज ठेवला असेल असं मला कुणीही सांगू नये.

रात्ररात्र मला छळतं ते मात्र दुसरंच. त्याच मेन्यूवर, त्याच पानावर, काचो ए पेपेचा भाव होता १४ युरो. चीज आणि मिरपूड घातलेला साधा पास्ता, १४. आणि समुद्राचा ताजा अख्खा मासा साडेनऊ? मासळीबाजारात वाढलेल्या बाईला हे तिथल्या तिथे खटकायला हवं होतं. खटकलंही. ह्यांना म्हटलं, "अहो, मासा स्वस्त कसा?" हे म्हणाले, "समुद्र जवळ आहे गं इथे." मला पटलं. रोमपासून समुद्र खरंच जवळ आहे, तीसेक किलोमीटरवर. अलिबागेत बंदरावर मासा ठाण्यापेक्षा स्वस्त मिळतोच. म्हणजे विचार केला नाही असं नाही, विचार केला आणि तो माझ्या अनुभवाप्रमाणे बरोबर होता. तिथला व्यवहार वेगळा आहे, हे मला कोण सांगणार होतं? ज्याने सांगायचं तो अंगठा ठेवून उभा होता.

आपल्याकडे मासा आधी बघायचा, मग भाव ठरवायचा, मग कोळीण कोयता उचलते. भाव ठरल्याशिवाय कापलेला मासा कुणी कुणाच्या गळ्यात मारत नाही. तिथे परात आत गेली आणि मासा परत आला तो भाजून, काटे काढून, चार ताटल्यांत वाटून. वजनकाटा आम्ही डोळ्यांनी पाहिला नाही. कुणी वजन बोललं नाही, कागदावर लिहून दाखवलं नाही.

बिलात वजन आलं २,३५० ग्रॅम. साडेतेवीस एत्तो गुणिले साडेनऊ, २२३ युरो २५ सेंट.

मी कल्ला बघताना एक मासा शेपटीला धरून उचलला होता. सहाशे ग्रॅम, फार तर साडेसहाशे. दोन्ही मिळून सव्वा किलो. पन्नास ग्रॅम इकडेतिकडे माझा अंदाज चुकेल, अकराशे ग्रॅम चुकणार नाही. सव्वा किलोचा एक मासा असता तर माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरला असता, हे त्यापेक्षा बरेच आखूड होते. त्यांच्याच भावाने धरलं तरी सव्वा किलोचे ११८ युरो ७५ सेंट होतात. म्हणजे भाव लपवला तो लपवलाच, वर वजनातही १०४ युरो ५० सेंट मारले.

बाकीचं पटकन सांगते. शिंपल्यांचं स्पॅगेटी दोन, ३८. काचो ए पेपे १४. भाऊजींची पांढरी वाइन १४. बटाट्याच्या दोन बशा १६. बटाटे माशासोबत येतात असं आम्हाला वाटलं, ते वेगळे. शेवटी चार छोट्या ग्लासांत लिमोंचेल्लो, म्हणजे लिंबाची दारू, आणून ठेवली, आम्ही बायकांनी तोंडही लावलं नाही, तरी २४. झाले ४३१ युरो २५ सेंट. त्यावर सेवाशुल्क पंधरा टक्के, ६४ युरो ६९ सेंट. आता काय ते मोजून घ्या.

भाऊजींनी बिल बघितलं आणि आवाज चढवला. मी मासा परत आणून दाखवा म्हटलं, निदान काटे तरी वजन करा. लगेच वेटरचं इंग्रजी संपलं. आतून गळ्यात चेन घातलेला एक माणूस आला, मेन्यूवरच्या त्या दोन अक्षरांवर नखाने टकटक केलं आणि दारात उभा राहिला. शेजारच्या टेबलावरचं जर्मन जोडपं मान खाली घालून जेवत होतं. गल्लीत अंधार, आमचे पासपोर्ट ह्यांच्या कंबरेच्या पाऊचमध्ये, जाऊबाई रडकुंडीला आलेल्या. अशा वेळी माणूस पैसे देतो. घरी बसून "मी असतो तर दिले नसते" म्हणणाऱ्यांनी त्या दारात उभं राहून दाखवावं.

कार्डाच्या मशिनवर आणखी एक ठोकर. वेटरने मशीन स्वतःच्या हातात धरलं, एक बटण दाबलं आणि मग पिन टाकायला ह्यांच्यापुढे केलं. पडद्यावर रुपयेच दिसत होते. रुपयांत की युरोत, हे निवडायचा हक्क गिऱ्हाइकाचा असतो, तो त्याने परस्पर वापरला. दर लावला १०२ रुपये २० पैसे. त्या दिवशी बाजारात युरो ९६ रुपये ४० पैशांच्या आसपास होता. २,८७६ रुपये असेच गेले. परदेशात मशिनवर रुपये दिसले की पिन टाकू नका, कॅन्सल करायला लावा, युरोच निवडा. विमानतळावर, दुकानात, सगळीकडे.

आणि आता जे सगळ्यांत महाग पडलं ते. आमच्या हातात बिलाचा जो कागद होता त्याला ते प्रीकोंतो म्हणतात. ते कच्चं बिल. पैसे घेतल्यावर पक्की छापील पावती, स्कोंत्रीनो, देणं तिथल्या कायद्याने दुकानदारावर सक्तीचं आहे. आम्हाला दिली ती फक्त कार्डाची चिठ्ठी, आणि कच्चं बिल टेबलावरून उचलून नेलं. ह्यांनी त्याचा फोटो काढून ठेवला होता म्हणून आकडे तरी सांगता येतायत.

तिथून पोलिसांकडे गेलो. चौकीत एक तास बाकावर बसवलं. मग एकाने मोडक्या इंग्रजीत सांगितलं की हा पैशांचा वाद आहे, चोरी नाही, आमच्याकडे येत नाही, नगरपालिकेच्या पोलिसांकडे जा. कुठे ते नकाशावर पेनाने गोल करून दिलं. रात्री साडेदहाला आम्ही चार म्हातारे-अर्धम्हातारे तो गोल शोधत फिरलो. तिथे खिडकीतल्या बाईचं पहिलं वाक्य: "स्कोंत्रीनो?" कार्डाची चिठ्ठी दाखवली, मान हलवली. फोटो दाखवला, मान हलवली. अर्ज दिला तो चार पानी, पूर्ण इटालियनमध्ये. भाषांतर करून द्यायला सकाळी माणूस येईल म्हणाली. सकाळी सातला आमची बस फ्लॉरेन्सला सुटणार होती, हे त्या हॉटेलवाल्याला जसं माहीत होतं तसंच तिलाही माहीत होतं. पर्यटक थांबू शकत नाही, यावर हा सगळा धंदा उभा आहे. पावती दिली नाही हा गुन्हा दुकानदाराचा, आणि पावती नाही म्हणून तक्रार नाही ही शिक्षा आम्हाला! हा कुठला न्याय? पावती नाही, हीच तर तक्रार होती.

नंतर कळलं की पावती न देणाऱ्यांवर लक्ष ठेवायला त्यांचं वेगळं दल आहे, ग्वार्दिया दी फिनांत्सा. क्रमांक ११७. हा क्रमांक त्या दोन ठिकाणांपैकी कुणी आम्हाला दिला नाही. लिहून ठेवा. हॉटेलात बसल्या बसल्या, दार अडवलेलं असतानाच, फोन काढून मोठ्याने "११७" म्हणायचं. हॉटेलातून बाहेर पडल्यावर हातात काही उरत नाही.

टूर मॅनेजरला सांगितलं तर म्हणाला, "काकू, मोकळ्या वेळेतलं जेवण स्वतःच्या जबाबदारीवर असतं, करारात लिहिलंय." परत आल्यावर कंपनीच्या ऑफिसला पत्र दिलं. उत्तरात पुढच्या टूरवर सवलतीचं कूपन आलं. मी कूपन मागितलं नव्हतं. पुढच्या गटाला माशाचा भाव शंभर ग्रॅमचा असतो हे एक वाक्य सांगा, एवढंच मागितलं होतं. त्यावर अक्षर नाही.

बँकेचं तर विचारू नका. कस्टमर केअरला फोन, मग ईमेल, मग शाखेत. शाखेतल्या मुलीने अर्ज भरून घेतला, तक्रार क्रमांक दिला आणि दहा दिवसांत मेसेज: व्यवहार पिन टाकून झालेला असल्याने ग्राहकाची संमती गृहीत धरली आहे, तक्रार बंद. पिन टाकला, मान्य. पण चलन कुणी निवडलं? तो प्रश्न मी अर्जात ठळक लिहिला होता, त्याचं उत्तर नाही. पुन्हा तक्रार केली तर नवा क्रमांक मिळाला, आणि जुन्या क्रमांकाचा हवाला देऊन तीही बंद. समोरासमोर बसून ऐकून घेणारा एक माणूस त्या सगळ्या यंत्रणेत नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज टाकलाय. बँकेकडून उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर तिथे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट असते, हेसुद्धा बँकेने आपणहून सांगितलं नाही.

हे आमच्याच बाबतीत झालं असं समजू नका. २००९ साली याच पियात्सा नवोनाजवळ एका जपानी जोडप्याकडून एका जेवणाचे ६९५ युरो घेतले. बोभाटा इतका झाला की ते हॉटेल बंद करायला लावलं आणि इटलीच्या पर्यटनमंत्र्यांनी त्या जोडप्याला सरकारी खर्चाने परत बोलावलं, त्यांनी नाही म्हटलं. २०१८मध्ये व्हेनिसला चार जपानी विद्यार्थ्यांना ११०० युरोंच्या वर बिल लावलं. ते शिकत होते त्या बोलोन्याला परतल्यावर त्यांनी तक्रार केली. २०१९मध्ये रोममध्येच दोघींना माशाच्या स्पॅगेटीच्या दोन ताटल्या आणि पाण्याचे ४२९ युरो ८० सेंट पडले, त्यात ८० युरो नुसती टीप. त्या बिलाचा फोटो जगभर फिरला. दर वेळी जग हळहळतं, दर वेळी कुणीतरी "आम्ही कडक कारवाई करू" म्हणतं, आणि गल्लीच्या तोंडाशी तो माणूस उभाच असतो. आमचं बिल त्यांच्यासमोर छोटं म्हणून आमची बातमी होणार नाही. पण आमच्यासाठी ते ह्यांच्या दीड महिन्याच्या पेन्शनएवढं आहे.

रोमच्या सगळ्या माणसांना मी वाईट म्हणत नाही. आदल्या दिवशी दुपारी तेस्ताच्चोच्या बाजारात आम्ही पिझ्झा खाल्ला होता. तोही वजनावरच. बाई सुरी मोठ्या तुकड्यावर ठेवायची, डोळ्यांनीच "एवढा?" विचारायची, कापून काट्यावर ठेवायची, आकडा आपल्याला दिसायचा, मग पैसे. चौघांचे २२ युरो, पोट भरून, पावती न मागता हातात. म्हणजे वजनावर विकण्यात लबाडी नाही. काटा आत नेण्यात आहे.

नणंदेच्या मुलीला मी फोनवर चार गोष्टी सांगितल्या, त्याच इथे लिहिते. मासा, लॉब्स्टर, मोठी कोळंबी, स्टेक, यांच्या भावापुढे hg, etto किंवा kg लिहिलंय का ते मोबाईलने फोटो काढून मोठं करून बघ. परात समोर आली की "क्वांतो पेसा?" म्हणजे वजन किती, आणि "क्वांतो कोस्ता इन तुत्तो?" म्हणजे एकूण किती, हे विचार आणि आकडा त्यालाच कागदावर लिहायला लाव. लिहायला कां-कू केली तर मासा नको, पास्ता मागव. पदार्थापुढे चांदणीची खूण असेल तर तो बर्फातला गोठवलेला आहे, त्याला ताज्याचा भाव देऊ नकोस. जे मागवलं नाही त्याला हात लावू नकोस, शेफने पाठवलं असलं तरी. मेन्यूचं शेवटचं पान खालपर्यंत वाच, सेवाशुल्क तिथेच दडवलेलं असतं. आणि पिन टाकायच्या आधी म्हण, "लो स्कोंत्रीनो, पेर फावोरे." ती पावती हातात आल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही.

तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "मामी, पण तुम्हाला तर मासे कळतात ना?" काय उत्तर देणार? मी तिला जाऊबाईंनी काढलेला तो फोटो पाठवला.